स्टुडिओचा कोट

पेणच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनात बाबांचा उघड्या अंगाचा फोटो लागलाय हे कळलं, तसा मी तो उतरवायला तावातावाने गेलो. तसा फोटो काढला म्हणून फोटोवाल्यावर माझा जुना राग होता. पण भिंतीवरच्या बाकी सगळ्यांच्या अंगात स्टुडिओचा तोच एक कोट दिसला, आणि मिठागर आठवलं.

मी धाटावच्या कंपनीत नुकताच लागलो होतो, अंगात कंपनीचा पांढरा शर्ट होता. मिठागरावर बाबांचा फोटो काढायला आलेल्या फोटोवाल्याने तोच कोट पुढे केला.

"घाला बाबा, लोक हसतील," मी म्हणालो.

"मीठ काय कोट घालून वढतात व्हय?" म्हणत बाबा तसेच उभे राहिले. मी लाजून मागच्या बांधाआड सरकलो.

"यांना ओळखता?" प्रदर्शनातल्या मुलीने विचारलं.

"माझे बाबा."

"आणि बांधामागे ही पांढरी बाही कुणाची?"