काही वाटत नाही

पेंटरला कुणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं : "काही वाटत नाही." रिव्हर्स घेणाऱ्या एका ट्रकखाली त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. तो शुद्धीवर आला तेव्हा बायकोनं हंबरडा फोडला, आणि हा म्हणतो कसा, "पंखा लाव जरा." सासरे धीर द्यायला आले आणि स्वतःच रडले, याच्या डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, काय खमका माणूस! खमका कसला डोंबलाचा! आत सगळं बधिर होऊन बसलं होतं, आणि त्याचं त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

नकली पाय बसला, चालणं जमलं. पण शिडीचं काय? रंगाऱ्याची नजर भिंतीवर असते. पायरी पावलालाच कळावी लागते. याला दर पायरीला मान वाकवून बघावं लागे, पाऊल टेकलं की नाही. असं बघता बघता एकदा हातातला डबा सुटला आणि घरमालकिणीचा सोफा निळा झाला. तेव्हापासून त्याच्यासोबत काम करणारा मेहुणा भिंतीचा वरचा अर्धा भाग रंगवी आणि हा खालचा.

"दाजी, तुमचं बरंय, मान दुखायला नको," मेहुणा चेष्टा करी. हा हसल्यासारखं करी. परत शिडीवर चढायचं, एवढी एकच इच्छा आत कुठेतरी तग धरून होती.

त्या इच्छेपायीच तो इस्पितळातल्या एका पट्ट्याच्या प्रयोगात सामील झाला. उरलेल्या पोटरीवर एक पट्टा बांधायचा. त्यातली बटणाएवढी मोटर स्नायूला थरथरवते आणि मेंदू फसतो, त्याला वाटतं पाऊल हललं. ज्याला ही हालचाल कळेल, त्याच्या नकली पायात ती मोटर बसवून देणार होते. नाही कळली तर पट्टा पुढच्या माणसाला. आणि आज त्याची शेवटची खेप होती.

नकली पाय काढून, बुटासकट भिंतीला टेकवून पेंटर खुर्चीत बसला, शेजारी बायको. थेरपिस्ट बाईंनी पट्टा बांधून मोटर चालू केली.

"काय वाटतंय?"

"काही वाटत नाही."

बाईंनी जोर वाढवला. "आता?"

"छे, काही वाटत नाही."

बाईंनी सुस्कारा टाकला आणि पट्टा सोडायला घेतला.

"अहो बाई, थांबा!" बायको ताडकन उठली. "यांचं 'काही वाटत नाही' म्हणजे त्रास नाही, चालू द्या, असं असतं. भाजीत मीठ विसरले तरी हेच म्हणतात! दुसरं काहीतरी विचारून बघा."

बाईंनी कपाळाला हात लावला. "डोळे मिटा. पाऊल कुठं चाललंय, ते सांगा."

"खाली," पेंटर लगेच म्हणाला.

त्यांनी मोटर नडगीच्या बाजूला सरकवली.

"आता वर."

"मघाशीही असंच होत होतं?"

"हो की."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही त्रास होतोय का विचारताय, असं वाटलं मला."

बायको हसावं की चिडावं अशी उभी राहिली. बाई म्हणाल्या, "आता तुम्हीच हलवा. शिडीवर टाकता तसं."

त्यानं मनानंच पाऊल टाकलं. चवडा वर आला, टाच खाली दबली, घोटा वळला. सगळं जागच्या जागी होतं. त्यानं डोळे उघडून खाली पाहिलं. पट्ट्याच्या खाली नुसती फरशी होती.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "पाय गेला माझा."

ती धावत जवळ आली. तिच्या साडीत तोंड खुपसून तो ढसाढसा रडू लागला. इतके दिवस ज्याचा पत्ता नव्हता ते दुःख आता त्याला सोसवेना. "गेला गं, गेला माझा पाय," एवढंच तो म्हणत राहिला.

बाई घाबरल्या. "दुखतंय का? बंद करू मोटर?"

"नको, नको." त्यानं दोन्ही हातांनी पट्टा धरून ठेवला. "हलतोय अजून. चालू राहू द्या."