मोहनची तांबडी टेकडी

शिरूरहून वहिनींचा फोन आला, "हे गेले..." माझा जुना सोबती मोहन गेला त्याला आता महिना होईल. त्याच्याविषयी लिहायचं तर आधी कबूल केलं पाहिजे की मी त्याच्यावर जळायचो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पाणलोटाच्या कामात आम्ही दोघं सर्व्हेअर. मी खुटबावचा, दौंड तालुक्यातली रानं पायाखालची. उन्हातान्हात दुर्बीण लावून उंची मोजावी ती मीच. मोहन मात्र पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला. उपग्रहानं मोजलेल्या उंचीवरून त्याच्या पडद्यावर अख्खा तालुका उमटायचा, उंच भाग तांबडा, सखल हिरवा, आणि पाणी कुठून वाहील त्याच्या निळ्या रेघा. माझं आठवड्याचं काम तो चहा निवायच्या आत करायचा. गावकरी त्याच्याभोवती गोळा व्हायचे. "सायेब, माझं रान बी दिसतंय व्हय?" मला कुणी विचारीना.

एकदा त्यानं नकाशावर बोट ठेवलं. साखर कारखान्यामागं तांबडा ठिपका होता, ओढ्याची रेघ त्याला वळसा घालून गेलेली. बंधाऱ्याची जागा त्यावरूनच ठरायची होती.

"विलास, हितं टेकडी हाय का रं?"

तिथं टेकडी नव्हती. गाळपाच्या दिवसांत उसाच्या भुशाचा डोंगराएवढा ढीग लागायचा, उपग्रहानं तोच मोजला होता. मला दिसताक्षणी कळलं. मी म्हणालो, "तुझं मशीन म्हणतंय म्हंजी असंल."

गावच्या बैठकीत त्यानं नकाशा भिंतीवर लावला. मेंढरं राखून म्हातारे झालेले एक आबा उठले. "आवं सायेब, कसली टेकडी? भुसा हाय त्यो! पुढच्या साली न्हाई ऱ्हायचा!" हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. परतताना गाडीवर मोहननं एवढंच विचारलं, "तुला ठावं व्हतं?" मी नाही म्हणालो. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही... आणि मीही.

परवा वहिनींनी त्याच्या नकाशांची गुंडाळी माझ्या हाती दिली. त्यात तो बैठकीतला नकाशाही होता. तांबड्या ठिपक्याभोवती पेन्सिलीचा गोल, शेजारी बैठकीच्या आदल्या दिवशीची तारीख आणि त्याचं बारीक अक्षर:

"शंका वाटते. जाऊन बघावं." त्यावर काट मारलेली. खाली, "विलासला विचारलं. असेल म्हणाला. आता बघायची गरज नाही."

नकाशा टेबलावर पसरलेलाच आहे. गुंडाळून ठेवायला हात धजत नाही.