डोमाजी मुकादमांचा गेरूचा पट्टा

झाड तोडायचे की राखायचे, हे सांगण्याआधी डोमाजी मुकादम त्या झाडाच्या बुंध्याला कान लावत. कुऱ्हाडीची पाठ खोडावर हलकेच आपटायची, डोळे मिटायचे, ऐकायचे. मग एक पाऊल सरकून पुन्हा तेच. बुंध्याभोवती असा पुरा फेरा झाला की डोळे उघडून ते अर्जदाराला एवढेच म्हणत, "भरेल हाये," म्हणजे आतून भरीव, किंवा "पोकळ हाये जी." या दोन शब्दांवर नगरपालिकेचा निकाल लागत असे. ते मुकादम होते तोवर तो निकाल चुकलेला मी पाहिला नाही.

हे आरंभीच लिहून ठेवतो, कारण त्या नगरपालिकेच्या अलीकडच्या स्मरणिकेत डोमाजींवर अर्धा परिच्छेद आहे आणि त्यातले एकही वाक्य खरे नाही. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. चांदा जिल्ह्यातले, तलावाच्या काठावरचे, धानाच्या गिरण्यांचे तालुक्याचे गाव, एवढे पुरे. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील. स्मरणिका म्हणते की म्हातारपणी मुकादमांची नजर गेली आणि त्यांनी तलावकाठची शंभर माणसांना सावली देणारी चिंच चुकून तोडायला लावली. कोणी सांगतात, ते त्या दिवशी मोहाची पिऊन होते. कोणी सांगतात, शेजारच्या घरमालकाशी त्यांचे आतून संगनमत होते. या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत आणि त्या खोट्या आहेत हे सिद्ध करू शकणारा मी एकटाच जिवंत आहे.

मी नगरपालिकेत कारकून म्हणून लागलो ते पन्नासच्या दशकात. आमच्या कागदांवर तेव्हा मध्यप्रदेशाचा शिक्का असे, पुढे मुंबई राज्याचा आला. वर्धेकडून मॅट्रिक होऊन आलेला, मराठीच्या निबंधाचे बक्षीस मिळवलेला असा मी. झाडीपट्टीची बोली ऐकली की मनातल्या मनात ती दुरुस्त करत असे. झाडे तोडण्याचे अर्ज माझ्या टेबलावर येत. अर्जदाराचे म्हणणे मी वाचून दाखवायचे, डोमाजींनी जागेवर जाऊन पाहायचे, त्यांचा अभिप्राय मी लिहून घ्यायचा, खाली त्यांचा अंगठा. त्यांना अक्षर येत नव्हते. त्याआधी वीसेक वर्षे त्यांनी जंगलखात्याच्या तोडीवर काढली होती.

अर्ज तऱ्हेतऱ्हेचे असत. पाने विहिरीत पडतात, मुळांनी भिंत फुटली, फांदीवर हडळ आहे. एका निवृत्त गुरुजींनी लिहिले होते की कडुलिंबावरून माकडे घरावर उड्या मारतात आणि छपराची कवेलू फोडतात, सबब कडुलिंब तोडावा. डोमाजींनी खोडाला कान लावला, मग गुरुजींचा हात धरून त्यांना खाली बसवले.

"बसा जी गुरुजी, माकडं येतपर्यंत बसू."

"मला कामे आहेत, मुकादम."

"माकडाले बी कामं हायेत. येतीन आता."

माकडे आली. लिंबावरून घरावर, घरावरून थेट परसात. तिथे गुरुजींचा पेरू पिकला होता.

"गुरुजी, ह्याइले बोलावलं कोनं? लिंबानं का तुमच्या पेरूनं?" डोमाजींनी विचारले. "लिंब तर त्याइचा रस्ता हाये. मेजवानी तुमच्या घरी. सांगा, कोनतं तोडू?"

गुरुजींनी अर्ज मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात पेरूंची टोपली आली. पण म्हणून डोमाजींना झाडांचा लळा होता, असे जे लिहिले जाते तेही मला मान्य नाही. त्यांनी अनेक झाडे पाडली, त्यांत त्यांच्या स्वतःच्या मोहल्ल्यातला, होळीच्या चौकातला आंबाही होता. लोक रडले. डोमाजी म्हणाले, "झाडाची दया करून चालत नाई. त्याचं आयका लागते."

आता त्यांच्या खुणांविषयी सांगितले पाहिजे, कारण सारे त्यावरच घडले. राखायच्या झाडाला ते छातीच्या उंचीवर गेरूचा लाल पट्टा ओढत. तोडायच्या झाडाला कुऱ्हाडीचे तीन घाव, एकाखाली एक. ही रीत त्यांनी जंगलातून आणली होती. त्यांच्या भागात सगळे जंगल एका टोकाकडून कापत आणि बियाण्यासाठी राखलेल्या मोजक्या झाडांना तेवढा गेरू लावत. आमच्या गावात ही रीत पोराटोरांना ठाऊक होती. लाल पट्ट्याच्या झाडाला कोणी काटकीसाठीसुद्धा हात लावत नसे.

तलावाच्या काठावर, धानगिरणीचे मालक बापूजी यांच्या घराला लागून, दोन झाडे होती. एक शिरीष, एक चिंच. चिंचेखाली ढिवरांच्या बायका मासोळीच्या टोपल्या घेऊन बसत. त्यांतली सीताबाई सर्वांत वयस्कर. तिची सासूही तिथेच बसून मासोळी विकत आली होती. उन्हात मासोळी दुपारपर्यंत टिकत नाही, तेव्हा त्या सावलीवर दहा-बारा चुली पेटत, असे म्हटले तर वावगे होणार नाही. बापूजींचा अर्ज दोन्ही झाडांसाठी होता: शिरीष घरावर कोसळेल, चिंचेचा पाला कवेलूंत साचतो.

डोमाजी दोन्ही झाडांभोवती फिरले. शिरीष पोकळ, चिंच भरेल. शिरीषावर तीन घाव पडले, चिंचेला पट्टा ओढला गेला. सीताबाई टोपलीवरच्या माशा हाकलत बघत होती. ती म्हणाली, "मुकादमभाऊ, पट्टा जरा जाड ओढा. बापूजीले बारीक दिसत नाई." डोमाजींनी हसून दुसरा हात फिरवला.

त्या वेळी आमचे नेहमीचे दोन तोडकरी तापाने पडले होते. सिरोंच्याकडची एक टोळी ठेक्याने बोलावली होती, बहुतेक तेलुगू बोलणारी. डोमाजींना मुलीच्या बाळंतपणासाठी सिंदेवाहीला जायचे होते. निघण्यापूर्वी ते माझ्या टेबलाशी आले.

"बाबू, आता येनारे लोक बाहेरचे हायेत. त्याइच्याकडं चांगलं चांगलं झाड निवडून तोडतेत, अन तोडाच्या झाडालेच रंग लावतेत. मायी खून त्याइले समजनार नाई. कागदात सांगतो तसंच लिवा: लाल पट्टा हाये ते राखा, तीन घाव हायेत ते तोडा."

मी ते वाक्य कच्च्या मसुद्यात लिहिले.

"लिवलं?"

"लिहिले. तुम्ही निश्चिंत जा."

ते गेले. मग मी पक्का मसुदा करायला बसलो आणि ते वाक्य मला सलू लागले. 'हाये', 'हायेत', शुद्ध करून पाहिले तरी ते बाजारातल्या आरोळीसारखेच वाटे. सरकारी हुकुमात असे वाक्य? मी त्यावर लाल शाईची रेघ मारली आणि त्या जागी लिहिले: 'सदर ठिकाणी मुकादमांनी केलेल्या खुणांनुसार तोड करण्यात यावी.' मोठ्या बाबूंनी तो मसुदा हाती घेऊन म्हटले, "वा! याला म्हणतात भाषा." मला दिवसभर बरे वाटत होते.

टोळी बाजाराच्या दिवशी आली. ढिवरांच्या बायका टोपल्या घेऊन बाजारात गेलेल्या, बापूजी गिरणीवर. टोळीच्या नाईकाने कागद कोणाकडून तरी वाचून घेतला, झाडांकडे पाहिले. एकाला ठसठशीत रंग, दुसऱ्यावर नुसते घाव. त्यांच्या जंगलात घाव घालून पारखलेले पोकळ झाड बाद समजून सोडून देत. त्यांनी आपल्या रीतीने, अगदी प्रामाणिकपणे, चिंच पाडली.

दुपारी सीताबाई कार्यालयाच्या दारात आली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपली तशीच होती. "बाबू, आमची चिच पाडली! पट्ट्याची चिच पाडली!" ती ओरडली. "मुकादम कुठी हाये? काऊन पाडली, कोनं सांगतलं?" मी तिच्यामागे तलावापर्यंत गेलो. चिंच आडवी पडली होती, तिच्या बुंध्यावर गेरूचा पट्टा अजून ओला असल्यासारखा दिसत होता. काय झाले ते मला तिथेच कळले. मी परत येऊन पहिले काम केले ते असे, की कच्चा मसुदा फायलीतून काढून खिशात घातला.

आता त्या तीन खोट्यांचा निकाल लावतो. नजरेविषयी: त्याच आठवड्यात तलावाच्या पलीकडच्या मोहावरचे बांडगूळ डोमाजींनी मला अलीकडून दाखवले होते; मला ते दिसले नव्हते आणि मी बावीस वर्षांचा होतो. दारूविषयी: ते गळ्यात तुळशीची माळ घालत आणि त्या दिवशी तर ते गावातच नव्हते. संगनमताविषयी: सर्वांत जास्त संतापले ते बापूजीच, कारण पोकळ शिरीष त्यांच्या छपरावर तसाच लोंबत राहिला होता. एवढा साधा विचार असे बोलणाऱ्यांना सुचू नये, याचे मला नवल वाटते.

डोमाजी परतल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी चौकशी घेतली. साहेबांच्या टेबलावर पक्का हुकूम होता. एका बाजूला मी, समोर डोमाजी, दाराबाहेर सीताबाई आणि तिच्याबरोबरच्या चार-पाच बायका.

"खुणा तुम्हीच केल्या होत्या?" साहेबांनी विचारले.

"मीच केल्या जी."

"हुकुमात तुमच्या खुणांनुसार तोडा, असे आहे. मग चूक कोणाची?"

डोमाजी माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, शंकाही नव्हती. "बाबू, मले वाचता येत नाई. कागद वाचून दाखवा. मी सांगतलं ते त्यात हाये का?"

मी कागद उचलला. ते एक वाक्य वाचले आणि थांबलो. बोलायला पुष्कळ वेळ होता. खिशात तो दुसरा कागद होता, घडी घातलेला. साहेब म्हणाले, "बोला, आहे का?"

मी म्हणालो, "आवश्यक ते सर्व आहे."

नोकरीत अजून कायम झालो नव्हतो, घरी आई होती, म्हणून भ्यालो, असे माझ्या बाजूने म्हणणारेही निघतील. मी त्यांचेही खंडन करतो. चूक कबूल केली असती तर मला फार तर ताकीद मिळाली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मला भीती वाटली ती एकाच गोष्टीची: मोठ्या बाबूंनी वाखाणलेल्या माझ्या वाक्यापेक्षा एका निरक्षर मुकादमाचे वाक्य बरे होते, हे सगळ्यांसमोर सांगण्याची.

डोमाजींनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. नेहमीप्रमाणे डोळे मिटले, उघडले. "मंग चूक मायीच," ते म्हणाले. त्यांनी गेरूचा डबा टेबलावर ठेवला, शेजारी कुऱ्हाड ठेवली आणि ते बाहेर पडले. दारात सीताबाई त्यांना बोलली, "मुकादमभाऊ, तुमच्या भरोशावर होतो आमी." तिने त्यांना ते शब्द बोलावेत, ही माझी करणी.

त्यांना नाल्यांच्या सफाईवर टाकले. ते गेले नाहीत, घरी बसले. बायका पुढची कैक वर्षे गोणपाटाच्या तुकड्याखाली बसल्या आणि बारा वाजता उरलेली मासोळी मिळेल त्या भावाने देऊन उठू लागल्या. नवीन मुकादम आला. तो कान लावत नसे, अर्जावर सही करत असे. मी कायम झालो.

पावसाळ्यानंतर एकदा तलावाकडे गेलो तेव्हा डोमाजी चिंचेच्या बुडख्याशी उकिडवे बसलेले दिसले. बुडख्याला धुमारे फुटले होते. त्यांतला एक राखून बाकीचे त्यांनी खुडले होते आणि त्याच्याभोवती बाभळीच्या काट्या रोवत होते.

"डोमाजी," मी म्हणालो.

"बसा जी बाबू." हात थांबले नाहीत. "त्या दिवशी तुमी वाचता वाचता थांबले. मंग बोलले. मले तवाच आवाज समजला."

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितले?"

"मी काऊन सांगू?" ते म्हणाले. "बोलाचं काम तुमचं होतं. मी बसलो होतो ना आयकत."

त्यांनी मला एक काटी धरायला सांगितली, मी धरली. काटा बोटात गेला तरी मी सोडली नाही, आणि त्या गोष्टीचा मला पुढे कित्येक दिवस अभिमान वाटत राहिला. इतका मी कोता होतो. साहेबांकडे जाण्याचे मी त्या संध्याकाळी ठरवले, दुसऱ्या दिवशीही ठरवले. मग डोमाजी वारले. त्यांच्या तिरडीमागे ढिवरांच्या मोहल्ल्यातले कोणी नव्हते. मीही मध्येच परतलो.

ती चिंच आता मोठी आहे. मागच्या वर्षी मी तिच्याखाली जाऊन उभा राहिलो. सीताबाईची नातसून तिथे बसते. तिने मला ओळखले नाही. झाडाची गोष्ट मात्र तिने सांगितली: एक आंधळा मुकादम होता, त्याने जुनी चिंच पाडली. मी काठी आपटून म्हणालो, "खोटे आहे!" तिने वर पाहिले. "तुमाले कसं ठाऊक, बाबाजी?" तिचे गिऱ्हाईक थांबले होते. मी मासोळी घेतली आणि निघून आलो.

स्मरणिकेत डोमाजींच्या परिच्छेदाच्या पुढच्याच पानावर माझे छायाचित्र आहे. खाली लिहिले आहे की माझे मसुदे नेमकेपणाचा आदर्श होते. तो कच्चा मसुदा माझ्यापाशी आहे. लाल शाई फिकी पडली आहे, तिच्याखालचे अक्षर स्वच्छ वाचता येते. ज्या वाक्यावर मी रेघ मारली, ते आज एकही अक्षर न सुधारता, ज्याचे आहे त्याच्या नावाने लिहितो.

डोमाजी मुकादम यांचा अभिप्राय: लाल पट्टा हाये ते राखा, तीन घाव हायेत ते तोडा.