सव्वा महिन्याची पर्स

"दार लावा आधी. वारं लागंल."

मावशींच्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच ऐकू यायचं. म्हणताना त्या दाराकडे पाठ करायच्या आणि कुशीतल्या गाठोड्यावर पदर ओढायच्या. बारामतीच्या या कॉलनीत आम्ही नवीन आलो तेव्हा मी त्यांच्याकडे पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला गेलो होतो. गाठोडं पाहून माझा आवाज आपोआप खाली आला. टाकीचं सगळं बोलणं आम्ही दोघांनी कुजबुजत उरकलं. निघताना पदर सरकला आणि आतून पितळेची कडी चमकली. ती लेडीज पर्स होती. चामड्याची, तपकिरी, वयाने माझ्याएवढी तरी असेल. तुम्हीही कुजबुजला असता.

मावशींनी उभं आयुष्य बाळंतिणी आणि बाळं न्हाऊ घालण्यात घालवलं. अर्ध्या बारामतीच्या टाळूवर त्यांनी तेल थापलं आहे. पुढे घरोघरची बाळंतपणं बदलली. डॉक्टर म्हणाले धुरी नको, सुना म्हणाल्या तेल नको, आणि मावशींचे हात रिकामे झाले. अशात कॉलनीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी जुनी तपकिरी पर्स कचऱ्याच्या बादलीत टाकली. मावशींनी ती उचलली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि बाईंना फैलावर घेतलं. "दाबल्यावर वर येतंय. जिवंत हाय. टाकता काय हिला?"

त्या दिवसापासून त्यांनी पर्सची बाळंतपणं करायला घेतली. मी हे गमतीने म्हणत नाही. त्यांना दुसरी पद्धत येतच नव्हती.

पर्स आली की आधी तिचं पोट रिकामं करायचं. अस्तर बाहेर ओढून झटकायचं, दाढीच्या मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढायची. कोमट पाण्यात साबणाचा जरासा फेस करून, कापड घट्ट पिळून, हलक्या हाताने पुसायचं. वाळवायचं सावलीत. मग एरंडेल आणि मधमाशीचं मेण एकत्र वितळवून केलेला लेप बोटाच्या टोकाने गोल गोल चोळायचा. "कोपरं आधी," मावशी सांगायच्या. "कोपरं, गुडघं आन् मानंच्या वळ्या. तितंच मळ बसतो." पर्सचे गुडघे कोणते हे मला कधी कळलं नाही, पण त्यांचं बोट तिथे बरोबर जायचं. मग आत सुती चिंध्या भरायच्या आणि बाहेरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची, म्हणजे पोट सुटत नाही. कुबट वास असेल तर उलट्या टोपलीखाली ठेवून लांबून ओवा-शेपांची धुरी. आणि सव्वा महिना घराबाहेर काढायची नाही. लेप मुरायला खरंच तेवढे दिवस लागतात का, मला सांगता येणार नाही. त्यांच्याकडून गेलेली एकही पर्स पुन्हा तडकलेली मात्र मी पाहिली नाही.

एकीने एकदा टोमणा मारला, "मावशी, देवघर आहे घरात, आणि खुशाल कातडं हाताळता?"

"बाळाला वरनं काय असतं? मखमल?" मावशी म्हणाल्या. "जल्मभर कातड्यालाच तेल लावलं मी."

मी साखर कारखान्याच्या काट्यावर नोकरीला. दिवसभर उसाच्या गाड्या टनात मोजतो. आमच्या स्वयंपाकघरात ग्रॅमचा काटा आहे हे मावशींना कळलं आणि माझे रविवार गेले. त्या गाठोडं घेऊन यायच्या. पट्टी आणि चिंध्या काढून मी वजन करायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचा, असा नियम होता. लेप मुरला की वीस-तीस ग्रॅमची वाढ दिसायची. "अंग धरलं पोरीनं," मावशी खूश व्हायच्या. एकदा एका पर्सचं वजन एकदम घटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिचं दूध पळवलं. शेवटी अस्तराच्या भोकातून गळालेलं नेलकटर त्यांच्याच कॉटखाली सापडलं आणि मी सुटलो.

कुणीतरी चेष्टेने डिंकाच्या लाडवांचा डबा आणून दिला. म्हणे, तुमच्या बाळंतिणीला. मावशींनी तो गंभीरपणे ठेवून घेतला. पुढच्या रविवारी मी चौकशी केली.

"तिची चेन अजून उघडत न्हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या वाटणीचं मी खाते."

मेन रोडला बॅगांचं दुकान असलेले चाचा येता-जाता भांडण उकरून काढायचे. "मावशी, तुमी जुन्या मरू देईनात. मग माझ्या नव्या घ्यायच्या कुणी?"

"तुमच्या रेक्झिनला आई न्हाय, बाप न्हाय. त्याला काय तेल लावू, कपाळ?"

पण चाचींची पर्स कालव्यात पडली आणि दोन दिवसांनी झुडपात अडकलेली सापडली, तेव्हा ती घेऊन चाचाच आले. पर्समधून पाणी गळत होतं. "गेली ही," ते म्हणाले. मावशी मूळच्या पळसदेवच्या. त्या लहान असतानाच त्यांचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. "बुडालेलं समदं मरत न्हाय, चाचा," त्या म्हणाल्या. "आमचं देऊळ बघा. पाणी उतरलं की हाय तितंच हाय. फकस्त घाई करायची न्हाय." चाची ती पर्स अजून वापरतात. पावसाळ्यात तिला किंचित कालव्याचा वास येतो, एवढंच.

आता आमच्या पर्सचं सांगतो.

माझ्या सासूबाई सणसरच्या शाळेत शिक्षिका होत्या. पहिल्या पगारात त्यांनी पुण्याहून एक काळपट लाल पर्स आणली आणि निवृत्त होईपर्यंत तीच वापरली. ही पर्स नातीच्या साखरपुड्यात हाताला अडकवून मिरवणार आणि मग तिलाच देऊन टाकणार, असं त्या आमची मुलगी पाळण्यात असल्यापासून सांगत. आठ वर्षांपूर्वी त्या गेल्या. मुलीचं इंदापूरला ठरलं तेव्हा बायकोने त्यांची ट्रंक उघडली. पर्स पापडासारखी कडक झाली होती, अंगावर बुरशीचे पांढरे ठिपके, बंद एका बाजूने तुटलेला. बायकोने ट्रंक तशीच उघडी टाकली. पर्स पदराखाली घेऊन तडक मावशींकडे गेली. मी मागून दारं लावत गेलो.

मावशींनी बराच वेळ अंगठा दाबून धरला. "लई उशिरा आणली," म्हणाल्या. बायकोचा चेहरा उतरला. मावशींनी अंगठा उचलला, डोळे बारीक केले. "येतीय. वर येतीय. पर सव्वा महिना पायजे."

साखरपुड्यापर्यंतचा हिशेब बरोबर बसत होता. मग नवऱ्या मुलाची रजा बदलली आणि साखरपुडा आठवडाभर अलीकडे आला. मी मावशींकडे गेलो, बायकोही आली.

"ओल्या बाळंतिणीला कार्यालयात नेता?" मावशी कडाडल्या. "शंभर माणसं हात लावत्याल. बंदाचं टाकं कच्चं हायत अजून."

"मावशी, दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"ही तुमची उसाची गाडी न्हाय. मोजली आन् हाकलली."

तेव्हा बायको म्हणाली, "मावशी, आई येऊ शकत नाही. तिची पर्स तरी येऊ दे."

मावशी टोपलीची कड चाचपत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मी संगं येते. मांडीवर घ्यायची. हाताला लटकवायची न्हाय. आन् मला बिनपंख्याची खोली पायजे."

कार्यालयात स्टेजमागे सामानाची एक खोली होती. तिथे मावशी गाठोडं घेऊन बसल्या. पुढचं संभाषण मी ऐकलेलं नाही, पण मुलाच्या आत्याबाईंनी ते नंतर इतक्यांदा सांगितलं आहे की मला पाठ आहे. आत्याबाई केसांची पिन लावायला म्हणून त्या खोलीत शिरल्या.

"दार लावा. वारं लागंल."

आत्याबाईंनी झटकन दार लावलं. "कितवा दिवस?"

"तेहतिसावा."

"अगं बाई! कुणाची म्हणायची ही?"

"आता नवरीचीच. सासरी घेऊन जाणार हाय ती."

आत्याबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "आन्... तिच्या आईवडलांना म्हाईत हाय हे?"

"म्हाईत? वडील तर दर रविवारी वजन करत्यात."

आत्याबाई बाहेर पळाल्या. त्या दार उघडं टाकून गेल्या, याचा मावशींना शेवटपर्यंत राग होता.

पाचच मिनिटांत मुलाच्या चुलत्यांनी मला खांबाआड घेतलं. "पावणं, रोखठोक इचारतो. पोरीबरूबर आणखी कोण येणार हाय आमच्यात?"

मला वाटलं, पर्सचं कौतुक त्यांच्यापर्यंत पोचलं. मी म्हणालो, "हो, येणार आहे ना. आमच्या सासूबाईंची तशी इच्छाच होती."

"आन् तुमी लपवून ठिवलं?"

"लपवायचं काय त्यात? ट्रंकेत होती."

"ट्रंकेत?" चुलत्यांनी खांबाला हात टेकला.

"आठ वर्षं. बाहेर काढली तेव्हा अंगावर सगळी बुरशी. आता छान आहे. आणली तेव्हा आठशे दहा ग्रॅम होती, परवाच्या रविवारी आठशे चाळीस भरली."

चुलत्यांनी खांबावरचा हात काढला. मग सरळ स्टेजवर गेले आणि मुलीच्या कपाळाकडे निघालेला कुंकवाचा हात त्यांनी धरला. "थांबा," म्हणाले. स्पीकरवरची सनई कुणीतरी बंद केली. बायकोने धावत येऊन मला विचारलं, "काय बोललात तुम्ही?" मी जे बोललो ते शब्दशः सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि मिळेल त्या खुर्चीत बसली. स्टेजवर मुलगी एकटीच पाटावर होती. तिच्या शेजारचा मुलगा उठून चुलत्यांशी हुज्जत घालत होता. काय घडलंय हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ठरलेलं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं आणि मला एवढंच कळत होतं की माझा आकडा तर बरोबर होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून मुलाच्या आजी काठी टेकत उठल्या. ऐंशीच्या पुढच्या, हाडं मोजून घ्यावीत अशा. "आधी बघू तर खरं," म्हणाल्या आणि खोलीकडे निघाल्या. त्यांच्यामागे सगळं कार्यालय.

गर्दी पाहून मावशींनी गाठोडं छातीशी धरलं. "एवढी माणसं? दार लावा!"

"लावलं," आजी म्हणाल्या. खोलीत वीस माणसं कोंबलेली होती, तरी दार खरंच लावलं गेलं. "आता सोड, बाई. बघू दे मला."

मावशींनी पट्टीचा एक वेढा सोडला, दुसरा सोडला. काळपट लाल पर्स. पितळी कडी लख्ख, अंगाला ओव्याचा वास.

चुलत्यांनी पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आठशे चाळीस," मी म्हणालो.

पहिल्यांदा आमची मुलगी हसली. हसता हसता खालीच बसली. मग मुलगा, मग चुलते, मग भिंतीपलीकडची ज्यांना काही दिसलं नव्हतं तीही माणसं. आजी हसल्या नाहीत. त्यांनी पर्सवर अंगठा दाबला आणि वाट पाहिली. "वर येतीय की गं," म्हणाल्या. मग कनवटीची दहाची नोट सोडली, पर्सची कडी उघडली आणि नोट आत ठेवली. "पयल्यांदा बघायचं, ते मोकळ्या हातानं कसं?"

कुंकू लागलं. बायको मुलीशेजारी बसली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मावशी मागे उभ्या राहून पंख्याच्या बाजूने पदर धरून होत्या. साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात तो पदर आहे.

निघताना आजी मावशींना म्हणाल्या, "माझीबी हाय एक. मालकांनी सोलापूरवरनं आणलेली. पार वाळून गेलीय. बघशील?"

"आणा. पर घाई करायची न्हाय."

आमची पर्स मावशींनी परत नेली आणि उरलेले दिवस पुरे करूनच दिली. आजींची पर्स लग्नानंतर आली. तिचा दुसराच रविवार होता. मी काटा टेबलावर मांडून बसलो होतो आणि मावशी आल्या नाहीत. जाऊन पाहिलं तर झोपेतच गेल्या होत्या.

त्यांचा मुलगा पिंपरीला कंपनीत. तो आला, सगळं रीतसर केलं. पाचव्या दिवशी आम्ही कॉलनीतली माणसं भेटायला गेलो. आपसात काही ठरलं नव्हतं, तरी प्रत्येक बाई आपापली पर्स घेऊन आली होती. डॉक्टरीणबाईंकडे ती पहिली तपकिरी, चाचींकडे कालव्यातली, बायकोकडे सासूबाईंची. इंदापूरहून आजी आल्या होत्या, त्यांचे हात रिकामे. वरती पत्रा तापलेला. चाचा टोपीने वारा घेऊ लागले आणि मध्येच थांबले.

"एवढं उकडतंय आणि तुम्ही असेच बसलात?" मुलगा म्हणाला आणि त्याने पंख्याचं बटण दाबलं.

"बंद करा!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्याने घाबरून बटण वर केलं. पातं एक फेरा घेऊन थांबलं. "का? काय झालं?"

आजींनी काठीने कोपऱ्यातली उलटी टोपली दाखवली. "आत ओली हाय अजून."

मुलगा टोपलीकडे पाहत उभा राहिला. मग गेला आणि दार लावून घेतलं.