मामाजींचं मनोगत

नऊ ऑक्टोबर. दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी मामाजींच्या पुस्तकातली नावं काढायला बसले. एकशे अठरा नावं होती आणि संध्याकाळपर्यंत फाईल पुण्याच्या प्रकाशकाकडे जायची होती.

आपलं पुस्तक छापून यावं म्हणून धडपडणारी माणसं पुष्कळ असतील. पण ते छापून येऊ नये याची व्यवस्था स्वतःच्याच हातांनी करत जाणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या नात्यातला निघाला. मामाजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. देवरीकडच्या जंगलात वनरक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले आणि बऱ्याच वर्षांनी रानभाज्यांवर पुस्तक लिहायला घेतलं. आमगावात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं. याला सहा वर्षं झाली.

मामाजी स्वतः खाल्ल्याशिवाय कुठल्याही भाजीवर एक ओळ लिहीत नाहीत. एका कंदाने त्यांना थेट दवाखान्यात नेलं. मी धावत गेले, तर सलाईन लावलेला हात नर्सपुढे करून सांगत होते, "बाई, पहिली उलटी सव्वा अकराले झाली, लिहून घे. मंग मी विसरून जाईन." पुस्तकात त्या कंदाखाली 'दोनदा उकडून पाणी फेकावे' असं आहे. एकदाच उकडलं तर काय होतं, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

त्याहून मोठा त्रास म्हणजे, ज्या बाईने भाजी सांगितली तिला ते पान वाचून दाखवल्याशिवाय त्यांच्या लेखी ते पक्कं होत नाही. त्यासाठी देवरीची बस, पुढे पायपीट. बाई कामात असली तर बांधावर उभं राहून मोठ्याने वाचायचं. तरोट्याच्या भाजीचं पान मी सात वेळा टाईप केलं. सातव्यांदा, कारण ऐकणारी म्हणाली, "भाऊ, मीठ आधी काऊन? भाजी पानी सोडते ना बाप्पा! एवढी नोकरी केली अन् एवढं कळत नाई तुमाले?" दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आत मामाजी दारात हजर.

"सूनबाई, मीठ खाली घे."

"मामाजी, पुण्याच्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्याले नाई पडत. तिले पडते."

प्रकाशकांशी पत्रव्यवहार ते सरकारी थाटात करत. विषय, संदर्भ, सहपत्रे, आणि शेवटी 'पुढील कार्यवाहीस्तव सविनय सादर'. पहिल्या प्रकाशकाने उत्तरच दिलं नाही, तर त्याला स्मरणपत्र क्रमांक नऊपर्यंत गेलं. दुसऱ्याने विचारलं, या पुस्तकाचा वाचकवर्ग कोणता? मी म्हटलं, निसर्गप्रेमी आणि अभ्यासक असं लिहू. मामाजींनी लिहायला लावलं, 'ज्यास भूक लागते तो.' तिसरा पुण्याचा. त्याने वाचायला एक प्रकरण मागवलं. मामाजींनी मोहफुलांचं प्रकरण पाठवलं आणि त्यासोबत किलोभर वाळलेली मोहफुलं. "नुसतं वाचून का कोणाले चव समजते?" ते उग्र वासाचं पार्सल भर उन्हाळ्यात पुण्यात उघडलं. तिथल्या संपादकबाई फोनवर मला एवढंच म्हणाल्या, "पार्सल मिळालं. सगळ्या मजल्याला मिळालं."

पण पुस्तक त्यांनीच घेतलं. अट एकच, तीस पानं कमी करा. मामाजींनी प्रत्येक भाजीखाली चारपाच ओळी लिहिल्या होत्या: सांगणारी कोण, गाव कुठलं, काय करता करता सांगितलं. संपादकबाईंचं म्हणणं, हे सगळं काढा, शेवटी 'स्थानिक महिलांचे आभार' अशी एक ओळ टाकू. बाई वाईट नव्हत्या. पुस्तकं विकणं हा त्यांचा धंदा आहे. पण मामाजी गावोगाव सांगून बसले होते की पुस्तकात तुमचं नाव येणार. त्यातल्या काही बायका वारल्या, तर त्यांच्या सुना विचारायच्या, "आमच्या सासूचं पुस्तक कधी येते?" दुसरा प्रकाशक शोधावा, तर मामाजी शहात्तर वर्षांचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यापुढे फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलेलं. पुस्तक दिसायला हवं असेल तर आताच.

नऊ तारखेला सकाळी ते आले आणि बाकावर बसले. मग म्हणाले, "काढून टाक वं नावं. पुस्तक तं येऊ दे." आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच एकही छापील पान न मागता निघून गेले.

मी अकरा नावं काढली. बारावं होतं शेळ्या राखता राखता केन्याची भाजी सांगणाऱ्या बाईचं. तिथे थांबले आणि पानं मोजली. मामाजींचं मनोगत बत्तीस पानांचं होतं. लेखकाचा मान म्हणून संपादकबाईंनी त्याला हात लावला नव्हता. मी फोन लावला.

"मामाजी, तीस पानं जायला पाहिजेत. नावांची जातील, नाही तर तुमच्या मनोगताची."

"मनोगतात माही सारी नोकरी आहे."

"माहीत आहे."

"तू टाईप केली ना? बरी झाली का?"

"चांगली झाली."

"मंग काढ. लवकर काढ, नाई तं मन फिरते."

संपादकबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, पानं बसली म्हणजे झालं, उद्या सकाळी पाठवा. मी काढलेली अकरा नावं परत घातली आणि मनोगत उघडलं. चांगली झाली, हे मी खोटंच सांगितलं होतं. टाईप करणारी बाई वाचत नाही, नुसती अक्षरं बघते. जाणारच आहे तर एकदा नजर टाकावी म्हणून वाचत गेले. बदल्या, साहेब, वणवे, सायकल भत्ता. एकोणिसाव्या पानावर नोकरीचं पहिलं वर्ष होतं. तिथे लिहिलं होतं:

'वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, तोडण्यास बंदी होती. एका बाईची भरलेली टोपली मी नाल्यात उलटी केली. वजन, वेळ, ठिकाण, सर्व वहीत नोंदले. तिचे नाव विचारले नाही. तिच्या घरी त्या दिवशी काय शिजले, ते मला माहीत नाही.'

पुढे लगेच सायकल भत्त्याची हकीकत सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दुकान उघडलं. मनोगत काढून टाकलं. टोपलीच्या तेवढ्या ओळी एका कोऱ्या पानावर ठेवल्या, वर 'मनोगत' हा शब्द राहू दिला, आणि मामाजींना न विचारता फाईल पाठवून दिली.