नारकोंडमचा धनेश आणि साहेबांच्या वहिनी

नारकोंडमचा धनेश फक्त नारकोंडमवरच असतो, जगात आणखी कुठेही नाही. अंदमानच्या पूर्वेला समुद्रातून वर आलेला एक निद्रिस्त ज्वालामुखी, तेच त्याचं घर. तो पक्षी पाहायचा, एवढी एकच गोष्ट मी लग्नानंतर स्वतःसाठी मागितली. तीही डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर, की पडद्याचा मधला भाग झिजतोय, बारीक काही पाहायचं असेल तर आत्ताच पाहून घ्या.

मला वाटलं होतं, दोघंच जाऊ. नवऱ्याने ग्रुप केला. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधले आमचे जुने मराठी शेजारी, आता कुणी नोएडात, कुणी गुडगावात, सगळे रिटायर्ड. त्यात नवऱ्याचे एकेकाळचे साहेब आणि त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी. वहिनींना पक्ष्यांमधले कावळा आणि कबूतर ओळखता येतात. त्याबाहेर त्यांचं काही अडलेलं नाही.

कॉलनीत गणपतीच्या आरतीचं ताट आधी सर्वांत सीनियर अधिकाऱ्याच्या हातात जायचं, मग उतरत्या क्रमाने. हळदीकुंकवालाही बायका नवऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे बसायच्या. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं, कुणी मोडलंही नाही. अंदमानात पोचून भाड्याच्या शिडाच्या बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या सावलीतली जागा साहेबांना मिळाली आणि माझा नवरा त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर नजर ठेवून बसला. मी हसले तर म्हणाला, "यार, तू पण ना."

वाटेत बॅरन या जागत्या ज्वालामुखीच्या बेटाचा काळा उतार आणि त्यावरचा धूर दिसला. डॉल्फिन बोटीच्या पुढे पळाले. एवढं मोठं मलाही दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी खूश होते.

नारकोंडमवर उतरायची परवानगी नव्हती. बोट किनाऱ्यापासून जरा लांबच नांगरली. माझ्या जुन्या दुर्बिणीतून, बोट हलत असल्यामुळे, नुसतं हिरवं फासल्यासारखं दिसे. पण कप्तानाकडे बटण दाबलं की चित्र स्थिर करणारी दुर्बीण होती. सकाळी त्याने ती मला क्षणभर दिली होती आणि किनाऱ्यावरचं पान न् पान मला वेगळं दिसलं होतं. डोळ्यांत पाणीच आलं.

"देखिए, बाईं तरफ! सूखे पेड़ पर!" कप्तान ओरडला आणि त्याने दुर्बीण जवळ उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याने स्वतः पाहिलंसुद्धा नाही.

"सर, आधी तुम्ही."

साहेबांनी सावकाश पाहिलं. "वा! बिल्कुल क्लिअर."

मी हात पुढे केला. नवऱ्याने तो हलकेच बाजूला सारला. "थांब गं, आपण घरचेच आहोत. वहिनी, आता तुम्ही."

चष्मा काढायचा की ठेवायचा, हे वहिनींना कळेना. मग बटण सापडेना. नवरा त्यांना समजावत राहिला. "अच्छा, ते लाल डोक्याचं होय," त्या म्हणाल्या, "केवढी ती चोच!" आणि तेवढ्यात कप्तान हळूच म्हणाला, "उड़ गया."

मग ती दुर्बीण माझ्याकडे आली. मी उरलेला वेळ ती डोळ्यांवरून काढली नाही. दुपारी वारा फिरला, समुद्र चढायला लागला आणि कप्तानाने नांगर उचलला. बेट लहान लहान होत गेलं.

"मला दिसला नाही," मी नवऱ्याला म्हणाले.

"अगं, ग्रुपमधल्यांनी फोटो काढलाय ना. मोठा करून बघ."

त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. परत आल्यावर ग्रुपच्या जेवणात नवरा सगळ्यांना सांगत होता, "हिची फार इच्छा होती, म्हणून नेलं."

आता जवळचं वाचतानाही ओळीच्या मधली अक्षरं नाहीशी होतात. गेल्या आठवड्यात नोएडाच्या घरी मी मेथी निवडत बसले होते. समोरच्या वडावर आपला साधा राखी धनेश आला असावा, त्याची किंचाळी मी ओळखते.

"अगं ये लवकर!" नवरा बाल्कनीतून ओरडला. "धनेश! तुझा धनेश!"

मी उठले नाही. "आधी वहिनींना फोन करा," मी म्हणाले.

त्याने घड्याळात पाहिलं. "या वेळी त्या झोपलेल्या असतात," तो म्हणाला.