कूलरवाल्यांसाठी डोकं चालवताना

आमच्या ऑफिसात कामापेक्षा किस्से जास्त तयार होतात. फाइल शोधावी लागते. किस्से चहा आला की आपोआप निघतात! सदर भागात दुसऱ्या माळ्यावर आमची छोटीशी जाहिरात एजन्सी. मालक मोहोड सर, डिझायनर शीतल, मजकूर लिहिणारे गजूभाऊ आणि मी, म्हणजे उरलेलं सगळं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमचे सगळ्यात मोठे क्लायंट झाडेजी येऊन बजावून गेले. त्यांचा कूलरचा कारखाना आहे.

"तेच ते पाहून बोर झालो मी. शुक्रवारपर्यंत नवीन आयडिया द्या, नाही तर मी दुसरीकडे चाललो."

झाडेजी गेले तर शटर ओढायचं, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. सरांनी मग व्हिडिओ पाहून पाहून कल्पकतेचे व्यायाम शोधून आणले.

*

पहिला व्यायाम : कोणालाही 'नाही' म्हणायचं नाही. समोरचा काहीही बोलो, आपण 'हो, आणि...' म्हणून पुढचं जोडायचं.

"याच्यानं डोकं मोकळं होते," सर म्हणाले.

शीतलने लगेच सुरुवात केली. "सर, मले सोमवारी सुट्टी पाहिजे."

सर अडकले. स्वतःचाच नियम! "हो... आणि..."

"आणि मलेही!" गजूभाऊंनी जोडून टाकलं.

दुपारी जेवणाआधीच तो व्यायाम बंद झाला.

*

दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने चित्र काढायचं ठरलं. सवयीचा हात सवयीचंच काढतो म्हणे. शीतलने मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून एक कूलर काढला. सरांनी तो कौतुकाने भिंतीवर चिकटवला.

संध्याकाळी झाडेजी सहज डोकावले. चित्रासमोर बराच वेळ थांबले.

"मोहोडजी, हे कोणी काढलं? पहिल्यांदा आमचा कूलर कूलरसारखा दिसून राहिला!"

शीतलने आपली पेन्सिल डाव्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकली. पाच वर्षं उजव्या हाताने राबलेली बाई, करणार तरी काय!

*

मग निघाला मौनाचा व्यायाम. फोन ऑफिसात ठेवायचा, एकेकट्याने बाहेर पडायचं आणि आपलं शहर परक्या माणसासारखं बघून यायचं.

मी इमानदारीने कोपऱ्यापर्यंत गेलो. परका माणूस इथे आला तर आधी काय करेल, असा विचार केला आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पोचलो. तिथे शीतल होती. तिच्या मागोमाग गजूभाऊ आले. आणि ठेल्याच्या आडोशाला, शेव वाढवून मागणारे मोहोड सर!

"मी लोकांचं निरीक्षण करून राहिलो," सर घाईघाईने म्हणाले.

"करा नं सर," गजूभाऊ म्हणाले, "आम्ही तुमचंच करून राहिलो."

*

गुरुवार उजाडला तरी आयडियाच्या नावाने बोंब! सरांनी शेवटचा व्यायाम काढला : चांगलं सुचत नसेल तर मुद्दाम वाईट सुचवा. बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कूलरच्या सगळ्यात भंगार जाहिराती'.

आणि काय सांगू, धबधबाच सुरू झाला! बोर्ड भरत आला तेव्हा गजूभाऊ उठले आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या नंबरवर, झाडेजींच्या कूलरवर वर्षानुवर्षं छापली जाणारी ओळ लिहिली :

'उन्हाशी कट्टी, कूलरशी गट्टी, डॉक्टरला सुट्टी!'

आम्ही पोट धरून हसत होतो, तेवढ्यात दारात झाडेजी. एक दिवस आधीच!

कोणालाही बोर्ड पुसायचं सुचलं नाही. झाडेजींनी चष्मा लावला. आधी मथळा वाचला, मग पहिला नंबर. सरांचा चेहरा पांढराफटक.

"हे कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं," गजूभाऊ कसेबसे म्हणाले.

झाडेजी खुर्चीत बसले आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

"किती वर्षांपासून वाट पाहून राहिलो होतो गा, कोणीतरी हे म्हणेल म्हणून! ही ओळ आमच्या मामाजीनं, म्हणजे सासऱ्यानं लिहिलेली आहे. कारखान्यात त्यायचा हिस्सा आहे, मले घरात तोंड उघडता येत नाही. काम तुमच्याकडेच राहील, मोहोडजी. हीच ओळ बदला, बस!"

सरांच्या जिवात जीव आला. "बदलतो नं, आजच बदलतो!"

"पण एक काम करा," झाडेजी उठून खिडकीशी गेले आणि खाली रस्त्यावर पाहून त्यांनी हात हलवला. "मामाजी खाली गाडीतच बसून आहेत. वर बोलावतो. तुम्हीच सांगा त्यायले."